मदतीआधी पोहोचणारा संशय

२ जून २०२३. संध्याकाळी सातच्या सुमारास ओडिशात बालासोर जिल्ह्यातल्या बहनगा बाजार स्टेशनजवळ कोरोमंडल एक्स्प्रेस लूप लाइनवर शिरली आणि तिथं उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली. तिचे डबे शेजारच्या रुळांवर फेकले गेले, त्याच वेळी तिथून जाणाऱ्या यशवंतपूर–हावडा एक्स्प्रेसला त्यांची धडक बसली. २९० हून अधिक माणसं गेली. रात्रभर बालासोरच्या रुग्णालयांबाहेर रक्त द्यायला तरुणांच्या रांगा लागल्या होत्या.

आणि त्याच काळात देशभरातल्या मोबाइलवर एक फोटो फिरत होता. अपघातस्थळाचा, वरून काढलेला. रुळांपासून जवळ एक पांढरी इमारत, तिच्याकडे दाखवणारा बाण आणि सोबत एवढंच, की काल शुक्रवार होता. बाकी काही लिहायची गरजच नव्हती. ज्यांच्यासाठी तो फोटो होता त्यांना तो बरोबर समजला.

ती इमारत मशीद नव्हती, इस्कॉनचं मंदिर होतं. पडताळणी करणाऱ्यांनी हे लवकरच दाखवून दिलं. मग दुसरा मेसेज आला, की स्टेशन मास्तरचं नाव शरीफ आहे आणि तो फरार आहे. तेही खोटं निघालं. ४ जूनला ओडिशा पोलिसांना जाहीर करावं लागलं, की अपघाताला धार्मिक रंग देणाऱ्यांवर कारवाई होईल. ढिगारे उपसायचं काम नुकतंच संपत आलं होतं, शवागारांसमोर नातेवाइकांची गर्दी होती आणि एका राज्याच्या पोलिसांना रुळाशेजारच्या इमारतीच्या धर्माबद्दल बोलायची वेळ आली होती.

मला त्या खुलाशाबद्दलच थोडं बोलायचं आहे. ‘मशीद नाही, मंदिर आहे’ हे वाचून आपल्यापैकी अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला. आपल्या ग्रुपांवर तो खुलासा मोठ्या उत्साहानं फिरला. पण समजा, ती मशीदच असती तर? भारतात रुळांशेजारी मशिदी आहेत, मंदिरं आहेत, चर्च आहेत, दर्गे आहेत. मशीद असती तरी त्या संध्याकाळी सिग्नल चुकायचा तो चुकलाच असता. खुलाशानं अफवेतली माहिती दुरुस्त केली, पण अफवेतला प्रश्न मान्य केला. जवळ मशीद असणं हाच पुरावा, हे गृहीतक तसंच राहिलं. फक्त ‘या वेळी’ ते लागू झालं नाही.

खरं कारण शोधायला एक महिना लागला. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं, की जवळच्या फाटकाच्या यंत्रणेचं काम करताना सिग्नलच्या सर्किटमध्ये चुकीची जोडणी राहिली होती. त्यामुळे गाडीला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, पण रूळ मात्र लूप लाइनकडे जोडलेला राहिला. त्याच खरगपूर विभागात २०२२ च्या मे महिन्यात अशाच चुकीच्या वायरिंगमुळे गाडी भलत्या मार्गावर गेली होती, तेव्हाच धडा घेतला असता तर हा अपघात टळला असता, असंही त्या अहवालात आहे. पुढे सीबीआयनं रेल्वेच्या तीन कर्मचाऱ्यांना अटक केली. त्यांत एक नाव मुस्लिम होतं, बाकीची नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण लपवण्यासारखं त्यात काही नाही. वायर चुकीची जोडली गेली, ती तपासली गेली नाही, आधीच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झालं. या वाक्यात कुठेही धर्माची जागा रिकामी सुटलेली नाही.

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. आमच्याकडे मध्यरात्री एखादी मोठी सिस्टिम बंद पडली, की सगळे एका कॉलवर जमतात. तिथं एक दंडक पाळला जातो: सिस्टिम सुरू होईपर्यंत ‘हे कुणी केलं’ हा प्रश्न काढायचा नाही. आम्ही फार थोर मनाचे असतो म्हणून नव्हे. तो प्रश्न आला, की ज्याला नेमकं काय घडलं ते ठाऊक असतं तोच माणूस गप्प बसतो, आणि दुरुस्तीला तासाच्या जागी चार तास लागतात. कारणांचा शोध नंतर, नोंदी समोर ठेवून, पुरेशा कठोरपणे घेतला जातो. आमच्या बंद पडलेल्या सिस्टिमीत कुणी मरत नसतं, तरी आम्ही एवढं पाळतो.

बालासोरमध्ये लोकांच्या लक्षाची गरज कुठं होती? मृतांची ओळख पटवण्यात. बंगाल, बिहार, ओडिशातले कामासाठी दक्षिणेकडं निघालेले मजूर त्या गाडीत होते. घरचे लोक फोटोंवरून चेहरे शोधत होते, एकाच मृतदेहावर दोन कुटुंबं हक्क सांगत होती. शेवटी ज्यांना कुणीच न्यायला आलं नाही अशा २८ जणांवर ऑक्टोबर महिन्यात भुवनेश्वर महापालिकेनं अंत्यसंस्कार केले. अपघातानंतर चार महिन्यांनी. त्या बाणवाल्या फोटोला जेवढे हात लागले त्याच्या दहाव्या हिश्श्यानं हात हरवलेल्या माणसांचे फोटो पुढं सरकवायला लागले असते, तर त्या २८ पैकी काहींना तरी घरचं माणूस मिळालं असतं का? मला सांगता येणार नाही. पण प्रश्न हाच आहे.

आपत्तीतला मेसेज कसा असावा याचा विचार जगात बऱ्याच आधी झालेला आहे. कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल नावाची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही इशारा यंत्रणा त्यावरच चालते. मोबाइल अचानक मोठ्यानं वाजून पावसाचा इशारा येतो, तो याच वाटेनं. या पद्धतीत प्रत्येक संदेशाला काही रकाने असतात: कुणी पाठवला, कधी पाठवला, कोणत्या भागासाठी, धोका किती मोठा, किती खात्रीचा, हालचाल किती लवकर करायची. त्याची मुदत कधी संपते हेही लिहिता येतं. आणि संदेशाचा प्रकारही सांगावा लागतो, जसं की नवा इशारा, सुधारणा किंवा रद्द.

‘रद्द’ हा शब्द मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या फॉरवर्डला तो नाही. ‘अमुक गल्लीत सात जण अडकलेत, बोट पाठवा’ हा मेसेज ते सात जण बाहेर पडून, कपडे बदलून, चहा पिऊन झाल्यावरही दोन दिवस फिरत राहतो. बोट रिकाम्या घरापाशी जाते. २०१८ च्या केरळच्या महापुरात स्वयंसेवक इंजिनिअरांनी आणि राज्य सरकारनं मिळून जी संकेतस्थळ-व्यवस्था उभी केली तिचं खरं काम हेच होतं. विखुरलेल्या हाका एका जागी आणायच्या, त्यांना ठिकाण जोडायचं, आणि सुटका झाली की तशी नोंद करायची.

आता बाणवाला फोटो या रकान्यांत भरून पाहा. कुणी पाठवला, माहीत नाही. कधी, माहीत नाही. कोणत्या भागासाठी? सगळ्या देशासाठी. काय करायचं? काहीच नाही, फक्त चिडायचं. मुदत? नाहीच. पुढचा अपघात झाला, की तो पुन्हा नव्यानं कामाला येतो.

याउलट कोल्हापूरकरांना विचारा, पावसाळ्यात ते कोणता मेसेज सर्वांत आधी उघडतात. राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. हा आकडा कुठल्या पक्षाच्या ग्रुपवर आला, पाठवणाऱ्याचं आडनाव काय, हे कुणी पाहत नाही. पेठेतला माणूसही तोच वाचतो, मोहल्ल्यातलाही. फक्त सोबत वेळ नसेल तर तोही घातक ठरतो. रात्रीचे ४१ फूट सकाळी वाचून ‘अजून वेळ आहे’ म्हणत माणूस घरात बसून राहतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली. सांगली, शिरोळ, कोल्हापूर पाण्याखाली गेलं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसं बुडाली. त्याच सुमारास एका मंत्र्यांचा बोटीतून हात हलवतानाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, आणि मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्री व स्थानिक आमदारांचे फोटो चिकटवलेलेही पाहिले. लोक संतापले. सत्ताधाऱ्यांचं उत्तर ठरलेलं होतं: आपत्तीत राजकारण करू नका.

इथं मी थांबून एक फरक करू इच्छितो. ‘राजकारण करू नका’ आणि ‘ध्रुवीकरण करू नका’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोटी कमी का होत्या, धरणांतून विसर्ग कधी सुरू झाला, गावांना वेळेत का कळवलं नाही हे प्रश्न राजकीयच आहेत आणि ते पाणी उतरायच्या आत विचारले पाहिजेत. ते एखाद्या पदाला विचारलेले असतात. त्या पदावरच्या माणसाला उत्तर देता येतं, चूक सुधारता येते. एखाद्या समाजाकडे बोट दाखवल्यावर कुणी काय सुधारायचं? कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत लोक समाजमाध्यमांवर ऑक्सिजन आणि खाटा मागत होते तेव्हा काही सरकारांना तीही बदनामी वाटली. ३० एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाला बजावावं लागलं, की अशी व्यथा मांडणाऱ्या नागरिकांवर कारवाई कराल तर तो न्यायालयाचा अवमान समजू. अफवांविरुद्धचा कायदा मदत मागणाऱ्यावर चालवला जातो आणि बाण काढणारा सहसा सुटतो, हा आपला अनुभव आहे. म्हणून सरसकट इंटरनेट बंद करा, पोस्ट टाकणाऱ्यांना उचला, या मागण्यांच्या मागं आपण जाऊ नये. तुर्कस्तानात फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर दोन दिवसांनी सरकारनं ट्विटरवर निर्बंध आणले, तेव्हा ढिगाऱ्याखालून लोक आपला ठावठिकाणा त्यावरच कळवत होते.

२०१९ च्या पुरात वाद धर्माचा फारसा झाला नाही, तो राज्याराज्यांत झाला. सगळा दोष कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर गेला. पुढे नंदकुमार वडनेरे यांच्या समितीनं त्या पुराला अलमट्टी जबाबदार नसल्याचं सांगितलं. पण नदीपात्रातली बांधकामं, पूररेषा, विसर्गाचं वेळापत्रक या कंटाळवाण्या गोष्टींवर बोलण्यापेक्षा पलीकडच्या राज्यातल्या भिंतीवर बोलणं सोपं होतं. शत्रू बाहेर सापडला, की घरातली वही उघडावी लागत नाही.

आसाममध्ये तो शत्रू गावातच शोधला गेला. जून २०२२ मध्ये बराक नदीच्या पुरानं सिल्चर शहर बुडालं. बेथुकांडी इथं नदीचा तटबंध फुटलेला होता. साचलेलं पाणी नदीत जावं म्हणून स्थानिकांनी २३ मेच्या सुमारास तो कापल्याचं पुढं आलं, काही मुस्लिम पुरुषांना अटक झाली, आणि समाजमाध्यमांवर व काही वाहिन्यांवर ‘फ्लड जिहाद’ हा शब्द सुरू झाला. तटबंध कापणं गुन्हा आहे, तपास व्हायलाच हवा. पण २३ मे ते २० जूनच्या आसपासचा पूर, मध्ये जवळपास चार आठवडे गेले. पावसाळा तोंडावर असताना ते भगदाड का बुजवलं गेलं नाही? पाणी साचून लोकांना तटबंध कापावासा वाटतो, इतकी तिथली निचऱ्याची व्यवस्था का मोडली होती? हे प्रश्न काहींनी विचारले, पण ‘जिहाद’ या शब्दाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? ज्यांचं घर बुडालं त्या हिंदू सिल्चरकरांचंही यात नुकसानच झालं, कारण पुढच्या वर्षी भगदाड बुजवून घ्यायला लागणारा दबाव भलतीकडेच खर्च झाला.

अशा शब्दांचा आणखी एक परिणाम होतो, तो मोजता येत नाही. मार्च २०२० मध्ये तबलीगी मरकजनंतर ‘कोरोना जिहाद’चा हॅशटॅग चालला तेव्हा आपल्या वस्त्यांत काय झालं, हे वाचकांना सांगायला नको. भाजीवाल्याचं नाव विचारलं गेलं. आरोग्य कर्मचारी दारात आले की लोक घाबरू लागले, कारण तपासणीत नाव निघालं तर ते फक्त रुग्ण म्हणून निघणार नव्हतं. साथीत ज्या माणसानं पुढं येऊन ‘मला ताप आहे’ म्हणायला हवं, त्यालाच लपवायचं कारण देऊन ठेवलं. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं अहमदनगर जिल्ह्यातल्या परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले. साथ किंवा आपत्ती आली की राजकीय सरकार बळीचा बकरा शोधतं आणि इथं या परदेशी लोकांना निवडलं गेल्याची शक्यता दिसते, असं न्यायालयानं लिहिलं. माध्यमांतल्या प्रचारावरही ताशेरे ओढले. निकालाचे शब्द स्पष्ट होते. पण मार्चमधला हॅशटॅग ज्यांच्यापर्यंत गेला त्यांच्यापैकी किती जणांपर्यंत ऑगस्टमधला निकाल गेला असेल? पुन्हा तेच, रद्द करायची सोय नाही.

वर्षभरानं, मे २०२१ मध्ये, बंगळुरूच्या कोविड वॉर रूममध्ये खासदार तेजस्वी सूर्या आणि त्यांच्यासोबतच्या आमदारांनी कॅमेऱ्यासमोर कर्मचाऱ्यांची नावं वाचली. दोनशेहून अधिक कर्मचारी होते. वाचली गेली ती सोळा-सतरा मुस्लिम नावं. खाटा अडवून पैसे उकळले जात असल्याचा आरोप गंभीर होता, चौकशी योग्यच होती. पण त्या यादीतल्या नावांत सामाईक काय होतं, तर फक्त धर्म. लोकांना खाट मिळवून देण्यासाठी फोन घेणारी ही पोरं होती. लाट शिखरावर असताना त्यांना कामावरून बाजूला केलं गेलं.

आता जरा आपल्याकडे. या सगळ्याला उत्तर म्हणून आपण जे करतो त्याबद्दल मला काळजी वाटते. २०१९ ला बकरी ईद १२ ऑगस्टला होती, ऐन पुरात. पश्चिम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ईद साधेपणानं झाली, कुर्बानीचा खर्च पूरग्रस्तांकडे वळवला गेला. फार मोठी गोष्ट होती ती. पण अलीकडे मदतीइतकाच मदतीचा व्हिडिओ महत्त्वाचा होऊ लागला आहे. टोपी दिसेल असा कोन, हातात पाण्याची बाटली घेणारी आजी, वर मोठ्या अक्षरांत ‘पाहा, हेही मुसलमानच आहेत’. हे का होतं ते मला कळतं. ज्याच्यावर सतत संशय आहे तो सतत दाखला खिशात घेऊन फिरतो. पण त्या आजीला आपण आपल्या दाखल्यावरचा शिक्का केलं, हेही खरं आहे. धान्याच्या पाकिटावर आमदाराचा फोटो चिकटवण्याला आपण हसलो होतो. शिवाय दाखला मागणारा कधी समाधानी होत नाही. पुढच्या अपघातात तो पुन्हा बाण काढतो.

दुसरी सवय म्हणजे विषारी पोस्टचा स्क्रीनशॉट काढून ‘बघा किती द्वेष आहे’ म्हणत तो आपणच शंभर ग्रुपांवर पाठवणं. ज्यांनी ती पोस्ट पाहिलीच नव्हती त्यांच्यापर्यंत आपण ती नेतो. व्हॉट्सअ‍ॅपला भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणावी लागली ती जुलै २०१८ मध्ये, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं, त्याच महिन्यात. मर्यादेनं वेग कमी होतो, पण प्रत्येक जण पाच ठिकाणी पाठवू लागला तर गणित फारसं बदलत नाही. खोट्याला उत्तर द्यायचं तर जिथं ते आलं तिथंच, दोन ओळींत, चित्र न चिकटवता. आणि ‘मशीद नाही, मंदिर आहे’ असं नव्हे. ‘चौकशी सिग्नलची चालू आहे, हरवलेल्यांसाठी हा हेल्पलाइन क्रमांक’ असं.

अफवेला मोबाइल लागतोच असंही नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दोन दिवसांनी जुहूच्या नेहरूनगर वस्तीत धरण फुटल्याची, त्सुनामी आल्याची आवई उठली आणि रात्री अंधारात झालेल्या चेंगराचेंगरीत किमान १८ जण गेले. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. नव्हता तो खात्रीचा आवाज. त्या गल्लीत ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे असा एक माणूस ‘असं काही नाही, मी विचारून आलो’ म्हणाला असता, तर बहुतेक लोक घरातच थांबले असते.

असा आवाज आपत्तीच्या दिवशी तयार होत नाही, आधी करून ठेवावा लागतो. जिल्हा प्रशासनाकडून माझी अपेक्षा साधी आहे. धार्मिक अफवा उठली, की कलेक्टर किंवा पोलीस अधीक्षकांनी आपल्या अधिकृत खात्यावरून काही तासांतच, मराठीत, नाव घेऊन ती खोडावी. ओडिशा पोलिसांना दोन दिवस लागले, तरी त्यांनी केलं; बरेच जण तेवढंही करत नाहीत. आणि विसर्गाच्या, पातळीच्या प्रत्येक संदेशावर वेळ आणि ‘पुढची माहिती इतक्या वाजता’ ही ओळ असावी. पुढची बातमी कधी येणार हे ठाऊक असलेला माणूस मधल्या वेळात अफवा कमी शोधतो.

आपल्या बाजूनं काम मोहल्ल्यापुरतंच आहे, पण मोहल्ल्याच्या आत राहून होणारं नाही. पावसाळ्याआधी प्रभागाचा एक ग्रुप: मशिदीच्या ट्रस्टमधले दोघं, गणेश मंडळातले दोघं, बौद्ध विहारातले, आशाताई, तलाठी, पोहता येणारी आणि ट्रॅक्टर असलेली मंडळी. वर्षभर त्यावर काहीही येणार नाही, शुभेच्छासुद्धा नाहीत. आपत्तीत प्रत्येक मेसेजवर ठिकाण आणि वेळ. काम झालं, की ज्यानं टाकला त्यानंच खाली ‘झालं’ लिहायचं. फोटो नाहीत. पूरपट्ट्यात मशिदीचा भोंगा हाही इशाऱ्याचाच मार्ग आहे. कोल्हापूर-सांगलीच्या नदीकाठी पाणी चढताना पातळीचा आकडा त्यावरून मराठीत सांगायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही. परवानगीचं काय ते पोलीस ठाण्यात मे महिन्यातच बोलून ठेवावं.

जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. मशिदीच्या फळ्यावर नमाजच्या वेळा रोज खडूनं लिहिल्या जातात. त्याखाली हे चार आकडे आणि आजची पातळी लिहायला जागा उरते.